मधे एक, भोवती सहा

पहिल्या पिढीच्या लोटस एलिस या गाडीची नुसती चेसी भरते जेमतेम ६८ किलो. दोन माणसं ती उचलून सहज बाजूला ठेवतील. इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरफक परगण्यात हेथेल नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथून अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं उडत. १९६६ साली त्या तळावर लोटसचा कारखाना आला आणि धावपट्टीवर गाड्यांच्या चाचण्या होऊ लागल्या. १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेली आणि पुढच्या वर्षापासून विक्रीला आलेली एलिस तिथलीच. रिचर्ड रॅकहॅम या अभियंत्याने तिची चेसी ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांची केली आणि त्या पट्ट्या वेल्डिंग न करता इपॉक्सीने चिकटवल्या. वेल्डिंगच्या आचेने जोडाच्या आसपासचं ॲल्युमिनियम नरम पडतं, म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो. चिकटवलं की पातळ पत्र्यावर भागतं. वरचं फायबरचं देखणं अंग ज्युलियन थॉमसनचं. नाव मिळालं ते तेव्हाचे मालक रोमानो आर्तिओली यांच्या नातीचं. सगळी गाडी मिळून ७२५ किलोंच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षा थोडीच जड.

अशा गाडीचं इंजिन बदलायचं आणि वायरिंग मुळापासून नव्याने करायचं, हे काम मला जवळून पाहायला मिळालं. करणारा माझ्या मित्राचा मुलगा. निगडीत वाढला, पुण्यात इंजिनिअर झाला, आता इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये नोकरी करतो आणि शनिवार-रविवार घराच्या गॅरेजमध्ये काढतो. त्याची एलिस १९९८ ची. मला तो काका म्हणतो. गाडीच्या गोष्टीत सगळ्यांना इंजिनच ऐकायचं असतं, आणि इंजिनाची गोष्ट आहेही ऐकण्यासारखी. पण गाडी ट्रॅकवर दिवसभर टिकणार की दुपारीच ट्रेलरवर चढून घरी येणार, हे ठरतं वायरींवर आणि त्या वायरी ओढणाऱ्याच्या सचोटीवर. हा लेख मुख्यतः त्यासाठी.

त्याला ही गाडी ट्रॅक-डेला न्यायची होती. म्हणून आधी ट्रॅक-डे म्हणजे काय ते सांगतो. पैसे भरून, हेल्मेट घालून, आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर दिवसभर पळवायची. ही शर्यत नसते. वेळ मोजायला बंदी असते आणि पुढच्याने वाट दिल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नसतं. इंग्लंडमध्ये हे फोफावलं त्याला इतिहासही कारणीभूत आहे. युद्ध संपल्यावर देशभर विमानतळ ओस पडले होते. सिल्व्हरस्टोन, गुडवुड, थ्रक्सटन, कासल कूम, स्नेटरटन हे सगळे ट्रॅक अशाच तळांवर उभे राहिले. आपल्याकडे कोइंबतूरचा कारी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई आणि २०११ पासून ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट एवढी नावं घेतली की यादी जवळपास संपते. पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाने गाडी पळवायची तर बहुधा शेकडो किलोमीटर ती वाहून न्यायची.

आता जुन्या इंजिनाविषयी. एलिसमध्ये लोटसने बसवलं ते रोव्हरचं ‘के-सीरिज’, १७९६ सीसी, १२० अश्वशक्ती. इंग्लंडमधल्या कुठल्याही गॅरेजमध्ये या इंजिनाचं नाव काढा, पुढचे शब्द ‘हेड गॅस्केट’ असतात. मला हे इंजिन फार हुशार वाटतं आणि त्याच्या वाट्याला आलेली बदनामी ऐकून वाईटही वाटतं. १९८९ मध्ये ते आलं तेव्हा इतकं हलकं इंजिन त्या वर्गात क्वचित होतं. दहा लांबलचक बोल्ट वरच्या हेडमधून शिरतात, ब्लॉक पार करतात आणि तळाशी क्रँकच्या बेअरिंगना धरणाऱ्या शिडीत घट्ट बसतात. हेड, ब्लॉक, शिडी हे थर त्या बोल्टांच्या ताणाने एकत्र आवळलेले. ब्लॉकवर ओढाताण येत नाही, म्हणून तो पातळ ओतता येतो.

ही रचना मुळात लहान इंजिनासाठी होती. १४०० सीसीच्या अवतारात बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, होता ७५ मिलिमीटरचा. पुढे त्याच बाह्य मापात १८०० सीसी बसवायचे म्हणून बोअर ८० वर नेला आणि लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत वर-खाली होतो त्या नळ्या, बसवण्याची पद्धत बदलावी लागली. लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर असावे लागतात, तरच गॅस्केट त्यांच्यावर नीट दाबली जाते. ते केसभर खाली बसले की दाब गेला. हेड जागेवर राहावं म्हणून जे डॉवेल होते ते सुरुवातीला प्लास्टिकचे होते. तापलं-निवलं की हेड सूक्ष्म सरके. त्यात थर्मोस्टॅट पाणी इंजिनात शिरतं त्या बाजूला. एलिसचा रेडिएटर गाडीच्या नाकात आणि इंजिन सीटांच्या मागे. मधल्या लांब पाइपांत थंड पाणी साठून असतं. थर्मोस्टॅट उघडला की तो थंड लोंढा तापलेल्या इंजिनात शिरतो. इंजिनात पाणी मुळातच कमी मावतं, त्यामुळे हा धक्का मोठा बसतो. पुढे स्टीलचे डॉवेल आले, अनेक पदरी स्टीलची गॅस्केट आली, दाबाने उघडणारा थर्मोस्टॅट आला. आज जाणता फिटर के-सीरिज नीट बांधून देतो आणि ती टिकते. पण उपाय येईपर्यंत नाव गेलं होतं, आणि एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर कंपनीच बुडाली.

या शेवटात पुण्याचाही एक धागा आहे. २००३ मध्ये रोव्हरकडे विकायला नवी लहान गाडी नव्हती, तेव्हा टाटांची इंडिका पुण्यात बनून ‘सिटीरोव्हर’ या नावाने इंग्लंडला जाऊ लागली. रोव्हरचा लाँगब्रिजचा कारखाना बंद पडला तशी तीही थांबली. माझ्या मित्राच्या मुलाला हे तोंडपाठ आहे. “काका, निगडीच्या पोराने रोव्हरचं इंजिन काढावं यात थोडा हिशेब पुरा होतोय,” असं तो म्हणतो, आणि हे बोलताना इंजिनावरून फडकं फिरवत असतो.

काढायचं ठरलं कारण त्याला ट्रॅकवर जास्त ताकद हवी होती. के-सीरिज फुलवून तिथवर नेता येते, लोटसने स्वतःच काही गाड्यांत ते केलं. पण त्या ताणात इंजिन पुन्हा पुन्हा उघडावं लागतं. होंडाचं के-२० हा दुसरा रस्ता बराच मळलेला आहे. सॉमरसेटच्या एरियल कंपनीने आपली ‘ॲटम’ सुरुवातीला रोव्हरच्याच इंजिनावर विकली आणि २००३ पासून होंडा सिव्हिक टाइप-आरचं इंजिन घेतलं. लोटसनेही पुढल्या एलिसला २००४ मध्ये टोयोटाचं इंजिन दिलं. म्हणजे ज्यांनी रोव्हर निवडलं, ते स्वतःच जपानी इंजिनाकडे वळले. तरीही इंग्लंडमध्ये काही जुने एलिसप्रेमी होंडा बसवलेली गाडी पाहून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. एलिसचा जीव त्या चिकटवलेल्या चेसीत आणि तिच्या कमी वजनात आहे. इंजिन तिथे पहिल्यापासून पाहुणंच होतं.

होंडाचं इंजिन १९९८ सीसीचं. बोअर ८६ मिलिमीटर, स्ट्रोकही ८६. इंग्लंडमध्ये विकलेली टाइप-आर स्विंडनच्या कारखान्यात बनायची, २०० अश्वशक्तीची. एलिसची मूळ ताकद वजनाने भागली तर टनामागे १६५ येते. नवं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून गाडी ५० किलोंनी वाढली असं धरलं तरी हिशेब टनामागे २५८ वर जातो. आणखी एक आकडा मला बोलका वाटतो. मिनिटाला आठ हजार फेऱ्यांना या इंजिनाचा पिस्टन सरासरी सेकंदाला तेवीस मीटर वेगाने वर-खाली होत असतो. सुमारे ५८०० फेऱ्यांपर्यंत व्हॉल्व्ह सौम्य कॅमवर चालतात; तिथे तेलाच्या दाबाने एक पिन सरकते आणि ते उंच, लांब कॅमवर जातात. ज्याने कधी ऐकलं नसेल त्याला सांगतो, त्या क्षणी आवाजाची जातच बदलते.

जुनं इंजिन उतरवायला फार वेळ लागला नाही. मागचं फायबरचं अंग एकसंध निघतं. ते भिंतीला टेकवलं की मागे स्टीलची सबफ्रेम उघडी पडते, तिच्यातच इंजिन बसलेलं असतं. कूलंट, पेट्रोल, क्लचचं तेल काढायचं, एक्सल सोडवायचे, गिअरच्या केबल मोकळ्या करायच्या, माउंटिंगचे बोल्ट काढायचे आणि साखळीवर इंजिन-गिअरबॉक्स एकत्र उचलायचं. होंडाबरोबर होंडाचाच सहा गिअरचा बॉक्स येतो, म्हणून एक्सल दोन्ही टोकांना जुळतील असे बनवून घ्यावे लागतात. माउंटिंगची गोष्ट नाजूक आहे. दुसऱ्या गाडीत ब्रॅकेट वेल्ड करून मोकळं होता येतं. इथे चिकटवलेल्या चेसीजवळ आच नेली तर जोडच सुटायचा. मनाला येईल तिथे भोकही पाडायचं नाही. जुन्या भोकांवर आणि सबफ्रेमवर भागेल असेच माउंटिंग हवेत. ते तयार मिळतात, त्याने तेच घेतले. होंडाचं इंजिन जागेवर टांगून झालं तेव्हा शेजारीपाजारी पाहायला आले, फोटो निघाले, चहा झाला. सगळ्यांना वाटलं काम संपत आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सीटा काढल्या, डॅशबोर्ड काढला आणि जुनं वायरिंग बाहेर ओढलं.

वीस-पंचवीस वर्षांची गाडी अनेक हातांतून गेलेली असते. कुणी अलार्म बसवला, कुणी रेडिओ, कुणी तेलाच्या दाबाचा काटा. प्रत्येकाने वाटेत भेटेल त्या वायरीला चिमट्याची क्लिप लावून वीज घेतली. अशी क्लिप वायरीचं आवरण कापून आत शिरते, तांब्याचे चार-दोन तंतूही कापते आणि तिथून ओल आत जाते. त्या ढिगात निळ्या वायरीला मध्येच लाल वायर जोडलेली दिसली. एका ठिकाणी तर फ्यूजच्या आधीच कुणीतरी फाटा काढला होता. तो फाटा चेसीला घासला असता तर बॅटरीतला सगळा प्रवाह त्यातून वाहिला असता, आणि पाठीमागे दीड हातावर पेट्रोलची टाकी. हे पाहिल्यावर नवं वायरिंग ही चैन आहे असं कुणी म्हणणार नाही.

त्याला शिकवायला शेजारचे एक आजोबा होते. हवाई दलात विमानांचं वायरिंग करून निवृत्त झालेले. बोलणं कमी, पण हातात वायर घेतली की थांबत नसत. त्यांनी पहिला महिना एकही वायर कापू दिली नाही. आधी कागद. इंजिनवरच्या प्रत्येक सेन्सरचं, प्रत्येक इंजेक्टरचं, कॉइलचं, रिलेचं नाव लिहायचं. त्यातून किती प्रवाह वाहतो, वायर किती जाडीची, कुठून निघून कुठे जाते, वाटेत कुठला कपलर, त्यातली कितवी पिन. तक्ता पुरा झाल्यावर दोरीने गाडीत प्रत्यक्ष मापं घ्यायची आणि प्लायवुडच्या फळीवर गाडीचा नकाशा काढायचा. इंजिन कंट्रोलरची जागा, फ्यूज बॉक्स, बॅटरी, सगळं खऱ्या अंतरावर. नवं वायरिंग त्या फळीवर तयार होतं आणि मग गाडीत जातं.

वायरही साधी नको. बाजारातल्या स्वस्त वायरीचं आवरण पीव्हीसीचं असतं. ते ऐंशी ते शंभर अंशांच्या आसपास हार मानतं. विमानांत आणि शर्यतीच्या गाड्यांत वापरतात ती वायर टेफझेल या प्लास्टिकच्या आवरणाची, दीडशे अंश सोसणारी. आवरण पातळ असल्यामुळे वजनही कमी. आत मुलामा दिलेल्या तांब्याचे बारीक तंतू.

आता गुंडाळण्याचा भाग, जो मी तासन्‌तास पाहत बसलो. मधे एक वायर सरळ ठेवायची. तिच्याभोवती त्याच जाडीच्या बरोबर सहा वायरी बसतात. पाच घेतल्या तर फट राहते, सातवी मावत नाही. या सहा एका दिशेने पीळ देत चढवायच्या. त्यावर बाराचा थर, उलट्या पिळाने. त्यावर अठराचा, पुन्हा उलटा. अशी जुडी वळणावर वाकवली की आतली वायर आखडत नाही आणि बाहेरची ताणली जात नाही, कारण पिळामुळे प्रत्येक वायर कधी वळणाच्या आतल्या बाजूला असते, कधी बाहेरच्या. सरळ बांधलेल्या जुडीत बाहेरच्या वायरी कायम ताणावर राहतात आणि थरथरीने टर्मिनलपाशी तुटतात. संख्या पुरी पडत नसेल तर रिकामी वायर घालून थर पुरा करायचा, पण गोल मोडायचा नाही. कुठली वायर कुठे फुटून बाहेर पडणार हे आधीच ठरलेलं असावं लागतं, कारण सेन्सरकडे जाणारी वायर सगळ्यात आतल्या थरात अडकली तर बाहेर काढताना सगळा पीळ सुटतो. वर तेल-पेट्रोलला दाद न देणारी काळी नळी चढवायची आणि गरम हवेने आवळायची.

टोकांना डाख द्यायचा नाही, हे आजोबांनी निक्षून सांगितलं. आपल्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाहिलं तर डाख म्हणजे पक्कं काम अशी समजूत दिसते. घरातल्या रेडिओला ते खरं आहे. थरथरणाऱ्या गाडीत डाखाचं कथील तंतूंमधून वर चढतं आणि तेवढा तुकडा ताठ होतो. ताठ भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथे वायर सारखी वाकत राहते, आणि एके दिवशी आवरणाच्या आतच तुटते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून टर्मिनल दाबून, म्हणजे क्रिंप करून लावायचं. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची तांब्याला मिठी मारते, मागची आवरणाला. पुढची वीज नेते, मागची ताण सोसते. योग्य पकडीने दाबलेला क्रिंप त्याने मला आडवा कापून भिंगाखाली दाखवला. गोल तंतू एकमेकांवर दाबून बहुकोनी झाले होते, मधे हवेला जागा नव्हती. मग त्याने दुसरा, साध्या पक्कडीने दाबलेला दाखवला. तंतू गोलच होते आणि मधल्या फटी काळ्या दिसत होत्या. प्रत्येक टर्मिनलच्या पहिल्या काही नमुन्यांना वजन बांधून ओढून पाहायचं, मगच कामाला लावायचं.

एवढी उस्तवार कशाला, असं वाटणं साहजिक आहे. उत्तर इंजिनाच्या वेगात आहे. आठ हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला १३३. क्रँकला एक अंश फिरायला लागतो सेकंदाचा सुमारे अठ्ठेचाळीस हजारावा भाग. क्रँकजवळचा सेन्सर दातेरी चकतीचे दात मोजत असतो आणि त्या मोजणीवर कंट्रोलर ठिणगी टाकतो. त्या वायरीत शेजारच्या कॉइलची गडबड शिरली तर एखादा दात जास्त मोजला जातो आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. म्हणून त्या वायरीवर जाळीचं वेष्टण असतं, आणि ते फक्त एकाच टोकाला, कंट्रोलरच्या बाजूला अर्थला जोडतात. दोन्ही टोकांना जोडलं तर वेष्टणातूनच प्रवाह वाहू लागतो आणि गडबड उलट वाढते.

अर्थिंगची एलिसमध्ये खास अडचण आहे. साध्या गाडीत स्टीलचा सगळा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. कुठेही स्क्रू पिळा, अर्थ मिळतो. इथल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ॲनोडाइझ केलेल्या आहेत आणि तो थर वीज अडवतो. मधला इपॉक्सीही अडवतो. शिवाय तांबं आणि ॲल्युमिनियम ओलीत एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून इंजिनापासून बॅटरीपर्यंत जाड अर्थ वायर, सेन्सरांसाठी वेगळी, कंट्रोलरसाठी वेगळी, आणि सगळ्या एका जागी एकत्र. सेल्फ मारताना दीडशे अँपिअर वाहतात असं धरा. त्या वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. आजोबांची तपासणी सोपी होती. मीटरची एक सुई इंजिनाच्या ब्लॉकवर, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर, आणि सेल्फ मारायचा. काटा व्होल्टच्या दोन दशांशाच्या आत राहिला तर अर्थ चांगला. पहिल्या वेळी तो सहा दशांशांवर गेला. एका थिंबलखाली रंगाचा पापुद्रा राहिला होता.

नव्या डॅशबोर्डला इंजिनची माहिती कॅन नावाच्या जोडवायरीवरून जाते. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये डेट्रॉइटला जाहीर केली आणि आज जवळपास प्रत्येक गाडीत ती आहे. पीळ दिलेल्या दोनच वायरी, दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध. बंद गाडीत दोन्ही वायरींमध्ये मीटर लावला की साठ दिसले पाहिजेत. एकशेवीस दिसले तर एक टोक सुटलंय, चाळीस दिसले तर कुणीतरी तिसरा रोध घातलाय. वायरिंग करणाऱ्याला इतकं स्वच्छ उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळतं. त्या दिवशी साठ आले तेव्हा आजोबांनी पहिल्यांदा त्याच्या पाठीवर थाप मारली.

शेवटी मेन स्विच. शर्यतीच्या गाडीवर निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण दिसते, ती यासाठी. अपघातात बाहेरच्या माणसाने तो फिरवला की गाडी मेली पाहिजे. नुसती बॅटरी तोडून हे होत नाही. इंजिन चालू असेल तर अल्टरनेटर वीज देतच राहतो आणि इंजिन फिरत राहतं. त्या स्विचला म्हणून जादा संपर्कबिंदू असतात. ते इग्निशन तोडतात आणि अल्टरनेटरचा उरलेला दाब एका रोधात जिरवतात. ट्रॅक-डेला हा स्विच बहुधा सक्तीचा नसतो. त्याने बसवला. विचारलं तर म्हणाला, “आई एकदा तरी या गाडीत बसणार आहे, काका.”

इंजिन सुरू करण्याआधी इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढून नुसता सेल्फ मारला, तेलाचा दाब येईपर्यंत. मग फ्यूज लावले. आग विझवायचा सिलिंडर हाताशी होता. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन धरलं. कूलंटमधली हवा काढायला मात्र अख्खी दुपार गेली. लांब पाइपांचा तो जुना ताप नव्या इंजिनालाही चुकत नाही.

ट्रॅकवर जाण्याआधी तेलाच्या चेंबरचा प्रश्न सोडवणं भाग होतं. चिकट टायरवर लांब वळणात गाडी गुरुत्वाकर्षणाइतका आडवा जोर सहज लावते. तेवढा जोर असला की चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांनी कलतो. ताट कललं की आमटी एका कडेला जाते तसं तेल एका बाजूला धावतं, आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. पंपाने हवा ओढली की बेअरिंगवरचा तेलाचा पापुद्रा तुटतो. एवढ्या फेऱ्यांवर इंजिन बिघडायला एक क्षण पुरतो. चेंबरमध्ये आडपडदे आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा बसवल्या की तेल पंपाभोवती कोंडून राहतं. स्नेटरटनला ‘कोरम’ नावाचं उजवं वळण आहे, संपतच नाही असं वाटावं इतकं लांब. त्याने पहिल्या फेऱ्यांत तिथेच तेलाच्या दाबाची नोंद घेतली. रेषा थोडी खाली आली आणि तिथेच स्थिर राहिली. कंट्रोलर दाब कमी होताच इंजिन बंद करेल अशी सोय त्याने आधीच करून ठेवली होती, आणि ही सोय सेन्सरच्या एका वायरीवर अवलंबून आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

ट्रॅकवर गाडी सोडण्याआधी आवाज मोजतात. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर मीटर धरून, कमाल फेऱ्यांच्या तीन चतुर्थांशावर इंजिन ठेवून. ट्रॅकच्या आसपास गावं आहेत आणि गावकऱ्यांच्या तक्रारींवर ट्रॅक चालू राहणं अवलंबून असतं, त्यामुळे मर्यादा ओलांडली तर पैसे भरलेले असूनही घरी पाठवतात. मला ही शिस्त आवडली. ज्या छंदाला समाजाने जागा द्यावी असं वाटतं, त्याने समाजाच्या कानांचा विचार करावाच.

कायद्याचीही बाजू आहे. तिकडे इंजिन बदलल्याचं नोंदणी खात्याला कळवावं लागतं आणि गाडी फारच बदलली असेल तर अनेक वर्षं गुण मोजले जात. चेसीला पाच, इंजिनला फक्त एक, सस्पेन्शन, एक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना दोन-दोन. आठ गुण राहिले तर गाडीची ओळख कायम राही. चेसी मूळची असली की इंजिन आणि गिअरबॉक्स बदलूनही एलिस ही एलिसच राही, असा त्याचा अर्थ होता. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम बदलांबाबत कडक आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. रस्त्यावरच्या बेफाम आवाजांकडे पाहता त्यामागचं कारण मला कळतं. पण जाणकाराकडून तपासून घेऊन, जबाबदारीने बदल करायचा एक सरळ रस्ता असायला हवा. आपल्या मुलांचे हात या कामात तरबेज आहेत आणि त्यांना पूर्ण गाडीवर शिकायला मिळत नाही.

गॅरेजच्या कोपऱ्यात रोव्हरचं इंजिन स्टँडवर उभं होतं. त्याने ते भंगारात दिलं नाही. हेड उघडलं, लायनरची उंची चारही सिलिंडरवर मोजली, स्टीलचे डॉवेल आणि पदरी गॅस्केट घातली, दहाही बोल्ट नवे घेतले आणि अंशांच्या मापाने आवळले. मग एमजी-एफ बाळगणाऱ्या एका गृहस्थांनी ते विकत घेतलं. त्या गाडीतही हेच इंजिन, सीटांच्या मागे. ते व्हॅन घेऊन आले तेव्हा त्याने मोजमापांचा कागद त्यांच्या हातात दिला आणि थर्मोस्टॅट कुठला घालायचा ते दोनदा सांगितलं. त्यांनी इंजिनवरचं जुनं वायरिंगही मिळेल का, असं विचारलं. ते त्याने आधीच वेगळं काढून, प्रत्येक कपलरला चिठ्ठी लावून, पेटीत भरून ठेवलं होतं. “यातली तीन टर्मिनलं मी बदललीत,” तो म्हणाला, “उरलेली तुम्ही एकदा ओढून पाहा.”